आधी लोखंड, मग कंट्रोलर

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडतं न पडतं तोच बिजौली येतं. औद्योगिक वसाहत म्हणजे भोसरी नाहीतर शिरोली, अशी सवय असलेल्या माणसाला इथे आधी डोळ्यांत भरते ती मोकळी जागा. गाळे एकमेकांपासून लांब आणि दुपारी रस्त्यावर माणूस नाही. याच रस्त्याने पुढे खैलारला 'भेल'चा कारखाना आहे. 1974 पासून तिथे ट्रान्स्फॉर्मर बनतात, पुढे रेल्वेची विजेवरची इंजिनंही बनू लागली. शहरात रेल्वेचं वर्कशॉप आहे, ते तर 1895 सालचं. म्हणजे लोखंड कापायची विद्या या गावाला नवी नाही. 2018 मध्ये उत्तर प्रदेशच्या संरक्षण कॉरिडॉरची घोषणा झाली, त्यातल्या सहा केंद्रांत झाशीचं नाव आलं. 19 नोव्हेंबर 2021 ला, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीदिवशी, पंतप्रधानांनी भारत डायनॅमिक्सच्या 400 कोटींच्या प्रकल्पाची पायाभरणीही इथेच केली. तेव्हापासून बिजौलीतल्या लहान गाळ्यांमध्ये एक चर्चा हमखास ऐकू येते: मोठं काम येणार आहे, आपल्याकडे मशीन कुठलं आहे?

मराठी वाचकाला झाशी म्हटलं की नेवाळकर, किल्ला आणि वरसईच्या गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' आठवतो. माझी झाशी मात्र एका मिलिंग मशीनची आहे. मी जुन्या सीएनसी मशीनवर नवे कंट्रोलर बसवून देण्याचं काम करतो. या धंद्यात त्याला रेट्रोफिट म्हणतात. बिजौलीतल्या ज्या गाळ्यात मला बोलावलं होतं, त्याच्या मालकांनी लिलावात एक व्हर्टिकल मिलिंग घेतलं होतं. बेड टाइप, टेबल मीटरभर लांबीचं, वय तिशीच्या पुढचं. ओतकाम जाडजूड, रंग उडालेला, आणि कंट्रोलरचा पडदा काळा. मेमरी जपणारी बॅटरी कधीतरी संपली, पॅरामीटर उडाले, स्विच-रिलेचं तर्क सांभाळणारं लॅडर गेलं, आणि मूळ मालकाने मशीन कोपऱ्यात ढकललं. लिलावात येणाऱ्या निम्म्या मशीनची कहाणी याहून वेगळी नसते.

मालकांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल होती, तिच्यात तीन कोटेशनं. पहिल्या चहालाच त्यांनी विचारलं, "भाईसाब, कंट्रोलर कौन सा लगाएँ?"

बाजूला त्यांचा सेटर उभा होता. वय साठीच्या घरात, झाशीतल्याच जुन्या मराठी घरातला. त्याचं मराठी हिंदीच्या चालीवर चालतं, पण पक्कं आहे. तो हळूच म्हणाला, "साहेब, मशीन चांगलं आहे हो. फक्त डोकं फिरलंय त्याचं."

"काका, ते डोकं नंतर बघू. डायल आहे का?"

डायल होतं.

या लेखात मला सांगायचं ते एवढंच, की रेट्रोफिटमध्ये कंट्रोलरचा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि तो सगळ्यात शेवटी सोडवायचा असतो. कॅटलॉग उघडून सुरुवात केली की पडदा किती इंचाचा, अ‍ॅक्सिस किती, रंगीत ग्राफिक्स आहे का, यात माणूस अडकतो. सुरुवात लोखंडापासून केली तर यादी आपोआप लहान होत जाते आणि शेवटी दोन-तीन नावंच उरतात.

स्पिंडलला मॅग्नेटिक स्टँड लावला आणि 0.01 मिलिमीटरच्या डायलचं टोक टेबलाच्या कडेला टेकवलं. मोटर उतरवून ठेवलेली होती, तेव्हा काका बॉलस्क्रू हाताने फिरवत होते. एका दिशेने फिरवून काटा शून्यावर आणायचा, मग उलट फिरवायचं आणि स्क्रू किती फिरल्यावर काटा हलतो ते पाहायचं. टेबलाच्या दोन्ही टोकांना एक्सचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली ढिलाई, 0.03 आला. मधोमध आला 0.14. काकांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं व्हाइस टेबलाच्या मध्यावर बांधला, सगळे जॉब मध्यावर कापले, तेव्हा स्क्रू मध्यावरच झिजणार. यात आश्चर्य काहीच नाही. पण कंट्रोलर विकणारा माणूस इथे हमखास एक वाक्य टाकतो: काळजी करू नका, यात बॅकलॅश कॉम्पेन्सेशन आहे.

आहे, पण त्याने काय होतं ते समजून घ्या. दिशा बदलली की कंट्रोलर ठरावीक अंतर जास्तीचं फिरवतो. साध्या कंट्रोलरमध्ये हा आकडा अख्ख्या अ‍ॅक्सिसला एकच असतो. मध्यासाठी 0.14 भरला तर टोकांना 0.11 ची चूक आपणच पदरात घेतली. टोकांसाठी 0.03 भरला तर मधला जॉब बिघडला. महागड्या कंट्रोलरमध्ये पिच एरर कॉम्पेन्सेशनचा तक्ता भरता येतो, जागोजागी वेगळा आकडा देता येतो. तरीसुद्धा सैल नट सैलच राहतो. क्लाइम्ब मिलिंग करताना कटर जॉबला स्वतःकडे ओढतो आणि टेबल त्या 0.14 मध्ये पुढेमागे उडी मारतं. त्या क्षणी कंट्रोलरला वाटत असतं की सगळं जागच्या जागी आहे. इन्सर्ट तुटतो तेव्हा कळतं. गोल फिरवून बघितलं तर वर्तुळावर चार ठिकाणी, जिथे अ‍ॅक्सिस दिशा बदलते तिथे, नखाला लागेल असा ओरखडा उठतो.

म्हणून पहिला खर्च बॉलस्क्रू आणि त्याच्या बेअरिंगवर. दुसरा गिब आणि स्लाइडवर: निळा लावून ठसा बघायचा, लागेल तिथे स्क्रॅपिंग करून घ्यायचं. तिसरा लूब लाइनवर, कारण जुन्या मशीनच्या तेलाच्या नळ्या बहुतेक वेळा चोंदलेल्या असतात. हा हिशेब मी मांडला तेव्हा मालकांचा चेहरा पडला. फाइलीतल्या तिन्ही कोटेशनांत बॉलस्क्रूचा उल्लेखच नव्हता.

इथे थोडा इतिहास, कारण रेट्रोफिट म्हटलं की लोकांच्या आवाजात एक कमीपणा येतो. जुन्यावर ठिगळ, असा. पण संख्येच्या आज्ञेवर चालणारं जगातलं पहिलं मिलिंग मशीन हेच मुळात रेट्रोफिट होतं. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे साचे अचूक कापता यावेत म्हणून मिशिगनच्या जॉन पार्सन्स यांनी या कल्पनेचा पाठपुरावा केला. अमेरिकी हवाई दलाने पैसे दिले आणि काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेलं. तिथल्या लोकांनी नवं मशीन बांधलं नाही. सिनसिनाटी कंपनीचं जुनं हायड्रोटेल मिलिंग घेतलं, त्याची मूळ यंत्रणा काढली आणि त्याला मोटरी व नियंत्रण जोडलं. 1952 च्या सप्टेंबरात ते लोकांना दाखवलं. नियंत्रणाला शीतकपाटाएवढी पाच कपाटं लागली, आत व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले. आज तेच काम हाताच्या पंजाएवढ्या बोर्डावर होतं. हायड्रोटेलचं ओतकाम मात्र आजही तेवढंच जड लागेल.

लोखंडाचा निकाल लागला की मोटरीचा. आपल्या मशीनवर डीसी सर्व्हो होत्या, मागे टॅको जोडलेल्या. त्या काळची पद्धत अशी: कंट्रोलर ड्राइव्हला उणे 10 ते अधिक 10 व्होल्टमधला एक दाब देतो आणि तो दाब म्हणजेच वेग. मोटर किती फिरली हे एन्कोडर कंट्रोलरला परत सांगतो आणि चूक भरून काढायचं काम कंट्रोलर स्वतः करतो. मोटरी आणि ड्राइव्ह चांगले असतील तर ते ठेवणं शहाणपणाचं, कारण खर्चाचा मोठा भाग तिथेच वाचतो. पण मग कंट्रोलरला तो व्होल्टचा आउटपुट असायलाच हवा आणि एन्कोडर वाचताही यायला हवा. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक कंट्रोलर नुसते पल्स आणि दिशा देतात. ते इथे बाद. लिनक्ससीएनसीला मेसा कंपनीचं अ‍ॅनालॉग कार्ड जोडलं तर हे काम होतं, आणि मोठ्या कंपन्यांच्या काही कंट्रोलरवरही होतं. एका साध्या प्रश्नाने यादी अर्ध्यावर येते ती अशी.

आपल्या मशीनवर मात्र झेडच्या मोटरचा कम्युटेटर जळलेला निघाला. कार्बन ब्रश बोटभराचे नखाएवढे झालेले, ड्राइव्हच्या कार्डांवर गंज, आणि त्या कार्डांचे सुटे भाग आता कुणाकडे नाहीत. एक मोटर नवी आणि दोन जुन्या असा संसार चालत नाही. तिन्ही काढायच्या ठरल्या.

नव्या मोटरी किती ताकदीच्या? हाही हिशेब कागदावर करण्यासारखा आहे आणि फार अवघड नाही. कापण्याचा जोर 2000 न्यूटन धरला, टेबल आणि जॉब मिळून 400 किलो, ओतीव स्लाइडचं घर्षण साधारण 500 न्यूटन. स्क्रूची पिच 5 मिलिमीटर. स्क्रूमध्ये वाया जाणारा थोडा जोर धरून मोटरला लागणारा टॉर्क निघतो 2.2 न्यूटन-मीटर. बाजारात 750 वॉटची सर्व्हो 2.39 देते. म्हणजे काठावर पास. 1 किलोवॉटची, 2000 फेऱ्यांची मोटर 4.77 देते. ती घ्या. झेडला ब्रेकची घ्या, कारण वीज गेली की हेड स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि खाली जॉब असतो, कधी हातही असतो. काकांनी हे ऐकून आपली डाव्या हाताची करंगळी दाखवली. वरचं पेर नव्हतं. ती दुसऱ्या मशीनवरची गोष्ट, पण कारण तेच.

आता कुठे कंट्रोलरकडे वळायचं.

पहिला आकडा पल्सचा. पल्स देणाऱ्या कंट्रोलरमध्ये एक पल्स म्हणजे एक पाऊल. पाऊल 1 मायक्रॉनचं हवं असेल आणि टेबल रॅपिडला मिनिटाला 10 मीटर धावायला हवं असेल, तर सेकंदाला 1,66,667 पल्स लागतात. संगणकाच्या पॅरलल पोर्टवरून मॅक3 सारखं सॉफ्टवेअर नेहमीच्या 25 किलोहर्ट्झवर चालवलं तर वेग मिळतो मिनिटाला दीड मीटर. मीटरभराच्या टेबलाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला 40 सेकंद. 100 किलोहर्ट्झचं कार्ड घेतलं तर 6 मीटर. पाऊल मोठं करून वेग वाढवता येतो, पण मग मशीन मिलिंगचं राहत नाही, लाकडाच्या राउटरचं होतं. मॅक3 ने तिथेच नाव कमावलं आणि रास्तच कमावलं. पण पॅरलल पोर्टवरून चालवायचं तर त्याला 32 बिटचं विंडोज लागतं. असा संगणक आज जुन्या बाजारातच शोधावा लागतो, आणि नव्या पॅनेलमध्ये जुन्या बाजारातला संगणक बसवायचा ही कल्पना मला कधी पटली नाही.

पल्सवाल्या पद्धतीत आणखी एक गोम आहे. कंट्रोलर पल्स सोडतो आणि मोटर फिरली असं गृहीत धरतो. फिरली की नाही हे फक्त ड्राइव्हला माहीत. ड्राइव्ह ट्रिप झाला आणि त्याची अलार्मची तार कंट्रोलरला जोडलेली नसेल, तर एक्स थांबतो आणि वाय चालत राहतो. असे जळलेले कटर मी पाहिले आहेत, आणि तार जोडायची राहिली ती केवळ 'नंतर करू' म्हणून. तिन्ही ड्राइव्हचे अलार्म एका मालिकेत इमर्जन्सीच्या साखळीत गुंफले की प्रश्न मिटतो. आणि इमर्जन्सीचं लाल बटण दाबल्यावर वीज तोडायचं काम कॉन्टॅक्टरने करायचं, सॉफ्टवेअरने नाही. यावर मी वाद घालत नाही. हे मान्य नसेल तर काम घेत नाही.

दुसरा आकडा लुक-अहेडचा, आणि कोटेशनांत याच्याविषयी सगळ्यात जास्त गोलमाल बोललं जातं. साच्याचं काम घ्या. कॅम सॉफ्टवेअरने दिलेला प्रोग्रॅम म्हणजे 0.1 मिलिमीटरच्या सरळ तुकड्यांची लांबलचक माळ. फीड हवा मिनिटाला 3 मीटर, म्हणजे सेकंदाला 500 ब्लॉक. कंट्रोलर पुढचं काही न बघता प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी थांबत असेल आणि मशीनचं अ‍ॅक्सलरेशन अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर एका तुकड्यात तो सेकंदाला 7 मिलिमीटरपर्यंत कसाबसा पोचतो आणि लगेच ब्रेक मारतो. सरासरी पडते मिनिटाला 212 मिलिमीटर. मागितले तीन हजार, मिळाले दोनशे, आणि वर मशीन थरथरतं ते वेगळंच. पुढचे शे-दोनशे ब्लॉक आधी वाचून वळण कुठे आहे, कुठे वेग कमी करायचा हे ठरवणाऱ्या कंट्रोलरवर हाच प्रोग्रॅम सुरळीत धावतो.

पण बिजौलीतल्या या गाळ्यात साच्याचं काम आहे का? मालकांना विचारलं. प्लेटी, ब्रॅकेट, फिक्स्चर. सरळ कडा, खाचे आणि भोकं. भोकं मात्र खूप, आणि निम्म्याहून अधिक टॅपिंगची. "एम टेन, एम ट्वेल्व, दिनभर," मालक म्हणाले. म्हणजे लुक-अहेडवर पैसे ओतण्यात अर्थ नव्हता. खरा प्रश्न रिजिड टॅपिंगचा होता, आणि तीनपैकी दोन कोटेशनांत तो शब्दच नव्हता.

एम10 ची पिच दीड मिलिमीटर. स्पिंडल 300 फेऱ्यांवर असेल तर झेड मिनिटाला बरोबर 450 मिलिमीटर उतरायला हवा. स्पिंडल तळाशी मंदावते, थांबते, उलटी फिरते. त्या सगळ्या काळात झेडने तिच्या मागे सावलीसारखं राहायचं. त्यासाठी स्पिंडलवर एन्कोडर हवा, तो कंट्रोलरने वाचायला हवा, आणि झेडची चाल घड्याळावर नव्हे, स्पिंडलच्या कोनावर बांधलेली हवी. हे नसेल तर स्प्रिंगवाला टॅपिंग होल्डर लावून काम भागवायचं. तेही चालतं, पण भोक आंधळं असेल आणि खोली मोजून दिलेली असेल तर तुटलेला टॅप खोदून काढण्यात दिवस जातो. आपल्या मशीनच्या स्पिंडलवर 1024 रेषांचा एन्कोडर होता, पट्टा तुटलेला पण काच शाबूत. नवा पट्टा घातला आणि ऑसिलोस्कोपवर दोन्ही चॅनेल स्वच्छ दिसले. त्या दिवसाची एवढी एकच खुशखबर.

यानंतर यादीत उरले दोन प्रकार.

एक म्हणजे लिनक्ससीएनसी. याची मुळं अमेरिकेच्या मानकसंस्थेत, निस्टमध्ये आहेत. 1990 च्या दशकात तिथे हा प्रकल्प ईएमसी नावाने सुरू झाला, आणि सुरुवातीच्या काळात तो मिशिगनमध्ये जनरल मोटर्सच्या एका कारखान्यातल्या केअर्नी अँड ट्रेकर मिलिंगवर चालवून पाहिला गेला. तेही रेट्रोफिटच. सरकारी पैशातून झालेलं काम म्हणून ते सर्वांना खुलं राहिलं आणि आजही फुकट मिळतं. पल्स बनवायचं काम संगणकाकडून काढून मेसाच्या कार्डाकडे दिलं की वेगाची अडचण उरत नाही. रिजिड टॅपिंग आहे, लुक-अहेड आहे, एन्कोडर वाचतं, टूल चेंजरचं तर्कशास्त्र हवं तसं लिहिता येतं. मला स्वतःला हे फार आवडतं. माझ्या घरच्या लहान मिलिंगवर हेच आहे, आणि रविवार त्यात कसा जातो ते कळत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे तयार पॅनेल: कंट्रोलर, ड्राइव्ह आणि मोटर एकाच घरचे. फॅनुकचा 0आय आणि सीमेन्सचा 828डी ही वरची पायरी, खालच्या पायरीवर सीमेन्सचा 808डी, तैवानचे सिंटेक आणि डेल्टा, चीनचा जीएसके. यातल्या बऱ्याच संचांत आता ड्राइव्ह पल्सवर चालत नाहीत. एकाच केबलवरून, बसवर, आकड्यांत बोलतात. कंट्रोलरला मोटर नेमकी कुठे आहे ते कळतं, अलार्मचा नंबर पडद्यावर येतो, आणि पॅनेलमधल्या तारा निम्म्या होतात. तारा कमी म्हणजे ढिल्या तारा कमी. जुन्या मशीनचा निम्मा ताप तिथेच असतो.

मग लिनक्ससीएनसी एवढं आवडतं तर इथे का नको?

काकांकडे बघून मी ते ठरवलं. काका जी-कोड बोटांवर लिहितात. जी81, जी84, जी43, एच नंबर, सगळं फॅनुकच्या पद्धतीचं. कंट्रोलरसमोर उभे राहिले की हात आपोआप ऑफसेटच्या पानावर जातो. पण लिनक्ससीएनसीच्या मुळाशी हॅल नावाची एक फाइल असते, कुठला सिग्नल कुठे जोडला ते सांगणारी. मशीन अडलं तर ती उघडून वाचणारं माणूस लागतं. पुण्यात असं माणूस भोसरीत फोन केला तर संध्याकाळपर्यंत येतं. बिजौलीत ते माणूस म्हणजे मी, आणि मी पुण्यात. मालकांचा मुलगा अभियांत्रिकीला आहे, त्याला यात रस असता तर मी बिनदिक्कत लिनक्ससीएनसी लावलं असतं. तो मात्र सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी शोधतोय. काका निवृत्त झाले की ऑपरेटर झाशीच्या आयटीआयमधून येणार, आणि तो जे शिकून येईल ते फॅनुकसारखंच असणार. मशीन कुणाच्या हातात राहणार, याला माझ्या आवडीपेक्षा जास्त मान.

आणि मग बुंदेलखंडाचा उन्हाळा. मे महिन्यात झाशीचा पारा 45 अंशांच्या वर जातो. बंद पॅनेलच्या आत त्यावर आणखी दहा-पंधरा अंश सहज चढतात. बऱ्याच ड्राइव्हची हमी 45 ते 55 अंशांपर्यंतच असते, मग ते ट्रिप होतात. लोक काय करतात? पॅनेलचं दार उघडून समोर टेबलफॅन लावतात. इथल्या हवेत खडी फोडणाऱ्या क्रशरची धूळ आहे. ती पंख्याबरोबर आत जाते, कूलंटच्या वाफेत मिसळते, आणि दोन पावसाळ्यांत कार्डावर चिखलाची साय धरते. पॅनेलला एसी हवा, दाराला रबर हवं. हा खर्च कंट्रोलरच्या कोटेशनमध्ये कुणी घालत नाही, कारण आकडा फुगतो आणि ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. विजेचंही तसंच. दाब वर-खाली होतो, मधेच जनरेटरवर जातो, म्हणून ड्राइव्हच्या आधी आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर आणि चांगलं अर्थिंग. अर्थिंगचा खड्डा काकांनी आपल्या देखरेखीखाली खणून घेतला. मीठ-कोळसा किती घालायचा यावर त्यांचं आणि इलेक्ट्रिशियनचं चांगलंच वाजलं.

तापमानाची आणखी एक गंमत. मालकांना कंट्रोलर 1 मायक्रॉनचा हवा होता, किंबहुना 0.1 चा, कारण शेजाऱ्याच्या मशीनवर तेवढा दिसतो. मी त्यांना पाटीवर मांडून दाखवलं. 300 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब सकाळी 25 अंशांत मोजला आणि दुपारी 40 अंशांत कापला, तर पोलादी स्क्रूच्या मानाने तो जवळजवळ 50 मायक्रॉनने जास्त वाढलेला असतो. पडद्यावरच्या दशांश चिन्हानंतर किती शून्यं आहेत, हे जॉबला माहीत नसतं. त्या पैशात एक बरा मायक्रोमीटर घ्या आणि मोजमापाची खोली थंड ठेवा. हे त्यांना पटलं. की पटल्यासारखं केलं, कळलं नाही.

शेवटी काय ठरलं? खालच्या पायरीवरचा तयार संच. बसवर बोलणारे ड्राइव्ह, 1 किलोवॉटच्या तीन मोटरी, झेडला ब्रेक, स्पिंडलचा जुना एन्कोडर वाचणारा पोर्ट, फॅनुकसारखा जी-कोड. तीनपैकी दोन कोटेशनं टॅपिंगवर पडली. तिसरं सगळ्यात महाग नव्हतं आणि सगळ्यात स्वस्तही नव्हतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण उद्या वाचणाऱ्याच्या मशीनवर डीसी मोटरी चांगल्या निघाल्या किंवा साच्याचं काम असलं तर हेच उत्तर चुकीचं ठरेल. पैशाचा मोठा हिस्सा मात्र कंट्रोलरवर गेलाच नाही. तो गेला बॉलस्क्रू, बेअरिंग, स्क्रॅपिंग, केबल आणि पॅनेलच्या एसीवर. मालक यावर आजही थोडे नाराज आहेत. पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्यातलं काहीच नाही.

पहिला टॅप एम10 चा होता, काकांनीच मारला. बटणावर बोट ठेवून त्यांनी फीड ओव्हरराइड शून्याच्या जवळ आणलं. मी सांगितलं, "काका, टॅपिंगला ओव्हरराइड चालत नाही, ते शंभरावरच राहतं." त्यांनी मान हलवली, हात काढला. टॅप उतरला, थांबला, उलटा वर आला. काकांनी भोकात गेज फिरवलं आणि पुढच्या जॉबला हात घातला.

हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या शेडमध्ये असं मशीन उभं असेल, तर एक विनंती. जुनं पॅनेल भंगारवाल्याला देण्याआधी आतल्या प्रत्येक तारेचा नंबर दिसेल असे फोटो काढा. मूळ इलेक्ट्रिकल ड्रॉइंग सापडलं तर त्याची प्रत करा, कारण लिमिट स्विच, लूब पंप, टूल क्लॅम्प यांच्या तारा तशाच राहणार आहेत आणि नव्या माणसाला त्याच लागणार आहेत. जुना कंट्रोलर अजून जिवंत असेल तर पॅरामीटर आणि लॅडर आजच उतरवून घ्या. नवा बसला की त्याचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, एक गाळ्यात आणि एक घरी. आणि मेमरी बॅटरीवर असेल तर ती वर्षातून एकदा बदला, मशीन चालू असतानाच.